माणूस वेगळा, व्यसन वेगळे

वर्गातला एक मुलगा सलग तीन दिवस गृहपाठ न करता येतो. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्याचा विषय निघतो. कोणीतरी सहज सांगून जाते, "अहो, त्याचा बाप दारुडा आहे." आणि विषय तिथेच संपतो. जणू सगळे कळले.

हे वाक्य आपण थोडे थांबून पाहू. एखाद्याला ताप आला तर आपण "त्याला हिवताप झालाय" असे म्हणतो. माणूस एका बाजूला, आजार दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मध्ये 'ला' हा प्रत्यय. व्यसनाची गोष्ट निघाली की मात्र हा प्रत्यय गळून पडतो. तो दारुडा असतो, बेवडा असतो, गर्दुल्ला असतो. माणूस आणि आजार यांच्यामध्ये फटच राहत नाही. व्याकरणात ज्याला आपण 'विभक्ती' म्हणतो त्या शब्दाचा मूळ अर्थच 'वेगळे करणे' असा आहे. व्यसनी माणसाच्या बाबतीत भाषा नेमके हेच करायला विसरते.

ही नुसती शब्दांची कीस काढणे नव्हे. माणूस आणि त्याची समस्या यांना एकमेकांपासून वेगळे करण्यावर मानसोपचाराची एक पद्धत उभी आहे. इंग्रजीत तिला 'नॅरेटिव्ह थेरपी' म्हणतात. मराठीत आपण तिला 'कथनोपचार' म्हणू. व्यसनमुक्तीत तिचा उपयोग कसा होतो, कुठपर्यंत होतो आणि शाळेत तिच्यातून काय घेण्यासारखे आहे, ते या लेखात पाहू.

आधी शरीराकडे

'मनात आणले तर सुटेल' असे व्यसनाबद्दल अनेकदा म्हटले जाते. ते अर्धवट आहे, म्हणून आधी मेंदूत काय घडते ते पाहू. सुख देणाऱ्या किंवा उपयोगी गोष्टी शिकण्यासाठी मेंदूत एक यंत्रणा असते. तिच्यात डोपामाइन हे रसायन महत्त्वाचे काम करते. वोल्फ्राम शुल्ट्स या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत एक मजेदार गोष्ट दिसली. माकडाला अवचित फळांचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी उत्तेजित होत. पण रसाच्या आधी दर वेळी दिवा लागू लागला, तेव्हा काही दिवसांनी त्या पेशी रस मिळाल्यावर नव्हे, तर दिवा लागताच उत्तेजित होऊ लागल्या. मेंदू बक्षिसाची चाहूल लावून घ्यायला शिकला.

दारू, अफूजन्य पदार्थ, तंबाखू हे सर्व याच यंत्रणेला आपापल्या परीने हाताशी धरतात. म्हणून दारू सोडलेल्या माणसाला गुत्त्याची पाटी, पगाराचा दिवस, ठरावीक मित्राची हाक एवढेही पुरते. ग्लास समोर नसतो, पण दिवा लागलेला असतो. शिवाय शरीराला सवय झाली की पूर्वीइतका परिणाम व्हायला जास्त मात्रा लागते, आणि पदार्थ बंद केला की त्रास सुरू होतो.

हा त्रास किरकोळ नसतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना त्यानंतर भ्रम होतो, नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच गेले पाहिजेत. तिथे गोष्टी सांगून भागत नाही. कथनोपचाराचे काम त्याच्या नंतर, किंवा त्याच्या जोडीने, सुरू होते.

पण सगळे रसायनातच असते का?

व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांचा अभ्यास इथे आठवतो. १९७१ मध्ये तिथले अनेक सैनिक हेरॉइन घेत असल्याचे उघड झाले. हे लोक मायदेशी परतल्यावर काय होणार, याची सरकारला धास्ती वाटली. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा मागोवा घेतला. सुमारे २० टक्के सैनिकांनी तिथे असताना आपल्याला व्यसन लागले होते असे सांगितले. परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यापैकी फक्त ५ टक्के पुन्हा व्यसनात अडकले, तर तीन वर्षांत सुमारे १२ टक्के.

यावरून व्यसन खोटे होते असे ठरत नाही. पण जागा बदलली, सोबती बदलले, 'जंगलातला सैनिक' जाऊन 'घरी आलेला मुलगा, नवरा, कामगार' अशी ओळख परत मिळाली, की व्यसनाची पकड बदलू शकते, एवढे नक्की दिसते. आपल्याकडे व्यसनात अडकलेला माणूस बहुधा त्याच गावात, त्याच गल्लीत, त्याच नावाने राहतो. त्याला गाव सोडता येत नाही. मग निदान ते नाव सोडता येईल का?

अ‍ॅडलेड आणि ऑकलंड

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड शहरातले मायकेल व्हाइट हे मूळचे समाजकार्यकर्ते. पुढे ते कुटुंबांसोबत उपचाराचे काम करू लागले. १९८३ मध्ये तिथे डलविच सेंटर सुरू झाले. त्याच सुमारास न्यूझीलंडमधील ऑकलंडचे डेव्हिड एप्स्टन यांच्याशी त्यांची दोस्ती झाली. एप्स्टन मानववंशशास्त्र शिकलेले होते. माणसे आपल्या आयुष्याला गोष्टीच्या रूपात अर्थ देतात, आणि ज्या गोष्टीत आपण राहतो तिच्याप्रमाणे वागू लागतो, हा विचार दोघांनी उपचारात आणला. त्यांचे एकत्रित पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. व्हाइट २००८ मध्ये वारले.

त्यांच्या पद्धतीची सुरुवात व्यसनातून झालेली नाही. व्हाइट यांच्याकडे आलेला सहा वर्षांचा एक मुलगा रोज कपड्यांत शी करीत असे. आई-वडील हताश झाले होते. व्हाइट यांनी त्या शीला एक नाव मिळवून दिले. मराठीत आपण तिला 'चोरटी शी' म्हणू. मग प्रश्न बदलले. 'तू असे का करतोस?' याऐवजी 'ही चोरटी तुला कशी फसवते? तिने तुझे मित्र कसे तोडले? आईला काय वाटायला लावले?' असे विचारणे सुरू झाले. आणि शेवटी, 'तू तिला फसू दिले नाहीस, असे कधी झाले का?' असे प्रसंग सापडले. आईलाही सापडले. मूल, आई आणि वडील इतके दिवस एकमेकांविरुद्ध उभे होते. आता तिघे एका बाजूला आणि चोरटी दुसऱ्या बाजूला झाली.

समस्येला असे माणसाबाहेर आणून ठेवणे हे कथनोपचाराचे पहिले पाऊल आहे.

एक कल्पित उदाहरण

व्यसनाच्या बाबतीत हे कसे चालते ते समजण्यासाठी एक उदाहरण कल्पू. कारखान्यात फिटर असलेले चाळिशीचे एक गृहस्थ. उपचार केंद्रात शरीरातील दारूचा निचरा झाला आहे. आता ते समुपदेशक ताईंसमोर बसले आहेत.

"दारूला तुमच्या घरातलं कोण म्हणाल?" ताई विचारतात.

ते जरा हसतात. "पोटभाडेकरू म्हणा. आला तेव्हा म्हणाला, शनिवारचा एक दिवस राहतो. आता मलाच ओसरीवर झोपावं लागतंय."

"तो कुठली वेळ साधतो?"

"पगाराचा दिवस. आणि भावाशी जमिनीवरून बोलणं झालं, की त्या रात्री."

"तेव्हा तो तुम्हाला काय सांगतो?"

"तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही म्हणतो. घे थोडी, बरं वाटेल."

"आणि त्यानं घरातलं काय काय नेलं?"

यावर ते बराच वेळ गप्प राहतात. मग म्हणतात, "पोरगी पूर्वी वही दाखवायला यायची. आता येत नाही."

इथपर्यंत काय झाले पाहा. नाव रुग्णानेच दिले, ताईंनी चिकटवले नाही. भाडेकरू कधी येतो, काय बोलतो, काय नेतो, याचा नकाशा तयार झाला. शुल्ट्स यांच्या प्रयोगातील 'दिवे' कोणते, तेही याच नकाशात आपोआप आले. मग ताई पुढचा प्रश्न विचारतात. या पद्धतीतला तो सर्वांत मोलाचा प्रश्न आहे.

"तो दारात आला आणि तुम्ही कडी काढली नाही, असा एखादा दिवस?"

"तसा नाही... हां, शाळेच्या गॅदरिंगला पोरीचा नाच होता. त्या दिवशी नाही घेतली. पण एका दिवसाचं काय धरायचं?"

"सुट्टी झाल्यावर त्या दिवशी नेमकं काय केलंत?"

"रोजच्या रस्त्यानं नाही आलो. कालव्याच्या बाजूनं सायकल घातली."

"हे कुणी सुचवलं?"

"कुणी नाही." ते थोडे थांबतात. "मीच."

हा एक दिवस त्या माणसाच्या आयुष्यात घडलेला आहे. पण 'मी दारुडा' या गोष्टीत त्याला जागा नव्हती, म्हणून तो कोणाला आठवत नव्हता. गोष्टीत काय घ्यायचे आणि काय गाळायचे हे तिचे सूत्र ठरवते. इतिहास शिकवताना आपण हे रोज अनुभवतो. कथनोपचारात गळालेले असे प्रसंग शोधले जातात आणि त्यांच्याभोवती दुसरी गोष्ट विणली जाते. ही दुसरी गोष्ट बनावट नसते. 'तुम्ही फार चांगले आहात हो' अशी ती शाबासकी नव्हे. ती घडलेल्या प्रसंगांवरच उभी असते, म्हणून टिकते.

ती विणताना दोन प्रकारचे प्रश्न विचारले जातात. जेरोम ब्रूनर यांचे नाव शिक्षणशास्त्राच्या अभ्यासातून आपल्या परिचयाचे आहे. गोष्टीला दोन पातळ्या असतात, हा विचार व्हाइट यांनी त्यांच्याकडूनच घेतला. एक पातळी घटनांची: कधी, कुठे, काय केले. दुसरी अर्थाची: त्यावरून तुम्हाला काय मोलाचे वाटते ते कसे दिसते. कालव्याचा रस्ता ही घटना झाली. 'पोरीच्या नाचाला शुद्धीवर हजर राहणे मला महत्त्वाचे वाटले' हा अर्थ झाला. पहिल्या पातळीवरून दुसरीवर आणि परत, असे शिवणाच्या टाक्यासारखे जावे लागते.

साक्षीदार आणि पत्रे

नवी गोष्ट एकट्याच्या मनात फार दिवस जगत नाही. गाव जुन्याच नावाने हाक मारीत असते. म्हणून या पद्धतीत साक्षीदार बोलावतात. पत्नी, भाऊ, जुना सहकारी किंवा त्याच वाटेने गेलेला दुसरा रुग्ण. त्यांनी उपदेश करायचा नाही, स्तुतीही करायची नाही. ऐकलेल्यापैकी कोणता शब्द मनाला भिडला आणि त्याने आपल्याला स्वतःच्या आयुष्यातले काय आठवले, एवढेच सांगायचे. ही कल्पना मानववंशशास्त्रज्ञ बार्बरा मायरहॉफ यांच्या अभ्यासातून आली. कॅलिफोर्नियातील वृद्ध ज्यू स्थलांतरितांमध्ये त्यांनी काम केले होते. आपली कहाणी कोणीतरी ऐकणे ही त्या एकाकी म्हाताऱ्यांची केवढी गरज होती, ते त्यांना तिथे दिसले.

दुसरे साधन पत्राचे. एप्स्टन भेटीनंतर रुग्णाला पत्र लिहीत. बोललेल्यातले महत्त्वाचे शब्द त्यात रुग्णाच्याच भाषेत असत. एरवी रुग्णाबद्दल लिहिलेले कागद दवाखान्याच्या कपाटात बंद राहतात. हा कागद त्याच्या खिशात राहतो. पगाराच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तो उघडता येतो.

प्रवासातला खडतर भाग

सगळ्यात कठीण प्रश्न पुन्हा घसरण्याचा. दोन महिने बरे गेले आणि एक दिवस पाय वळला, की घरचे म्हणतात, "बघा, हा सुधारायचा नाही." तोही तेच म्हणतो. व्हाइट यांनी १९९७ मध्ये लिहिताना यासाठी संस्कारविधींची उपमा वापरली. आर्नल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले होते, की एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेणाऱ्या विधींचे तीन टप्पे असतात. जुन्यापासून तुटणे, मधली अधांतरी अवस्था, आणि नव्या ओळखीने समाजात परत येणे.

व्यसन सोडणाराही असाच प्रवासाला निघालेला असतो. मधल्या टप्प्यात जुने सोबती गेलेले, नवे मिळालेले नाहीत, संध्याकाळ कशी घालवायची ते ठाऊक नाही. हा टप्पा वाईटच जाणार, हे त्याला आधीच सांगून ठेवले आणि चढउतारांचा आलेख त्याच्यासोबत बसून काढला, तर वाईट दिवस आला म्हणजे 'मी हरलो' असे न वाटता 'मी मधल्या टप्प्यात आहे' असे वाटू शकते. परतून जाण्याऐवजी त्याला मदत मागता येते.

ही पळवाट तर नव्हे?

शंका रास्त आहे. 'भाडेकरूनं केलं, मी नाही' असे म्हणून माणूस मोकळा होईल की काय? प्रत्यक्षात उलटे घडावे, अशी अपेक्षा असते. मीच दारू असेन तर मी काय करू शकतो? काहीच नाही. पण दारू माझ्याबाहेर असेल, तर तिच्याशी कसे वागायचे ते ठरवण्याची जबाबदारी माझ्यावर येते. भाडेकरूला घरात घेतले कोणी, आणि त्यापायी बायकोला, मुलीला काय भोगावे लागले, हे प्रश्न टाळायचे नसतात. घरात मारहाण झाली असेल तर ती मारहाण करणाऱ्याचीच. तिला दुसरे नाव देऊन चालत नाही, आणि घरच्यांची सुरक्षितता आधी पाहावी लागते.

दुसरी शंका अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघटनेमुळे येते. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी तिची सुरुवात झाली. तिच्या सभांत माणूस उठून 'मी मद्यपी आहे' असे सांगतो. हे तर आपण म्हणतो त्याच्या विरुद्ध झाले! पण तिथेही तो शब्द दुसऱ्याने मारलेला शिक्का नसतो, स्वतः उच्चारलेला असतो. त्यानंतर तो आपली गोष्ट सांगतो आणि बाकीचे ऐकतात. कॅनडातील विल्यम डनलॉप आणि जेसिका ट्रेसी यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकतीच दारू सोडलेल्यांना शेवटच्या पिण्याची हकीकत सांगायला लावली होती. 'त्यातून मी बदललो' असे सूत्र ज्यांच्या हकीकतीत होते, ते पुढील काही महिने दारूपासून दूर राहण्याची शक्यता अधिक दिसली. गोष्टीमुळे बदल झाला, की बदलू लागलेल्यांनाच अशी गोष्ट सुचली, हे मात्र अशा अभ्यासातून पुरते सिद्ध होत नाही.

विज्ञानाचे वाचक म्हणून आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. व्यसनावरील कथनोपचाराच्या मोठ्या, काटेकोर चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन यांसारख्या औषधांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे. दारूच्या बाबतीत १९९७ मध्ये अमेरिकेतील १,७२६ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. बोलण्यातून उपचार करण्याच्या तीन अगदी वेगळ्या पद्धती तीत तपासल्या होत्या. तिन्हींनी पिणे कमी झाले आणि त्यांच्यात फारसा फरक आढळला नाही. कथनोपचार त्या तिघींत नव्हता. तेव्हा याच पद्धतीने सारे सुटेल असा दावा कोणी केला, तर आपण सावध व्हावे. औषध, देखरेख, कुटुंबाचा आधार यांच्या जोडीला एक उपयोगी हत्यार, एवढीच तिची आज जागा आहे.

आपल्याकडे

देशभरात २०१८ मध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनुसार, १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय दारू घेतात. सुमारे ५.७ कोटींना तिचा इतका उपद्रव होतो की मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कसला ना कसला उपचार मिळालेला होता. बाकीचे ३७ का आले नसतील? केंद्रे कमी आहेत हे खरेच, पण दारात पाऊल ठेवताच 'बेवडा' हा शिक्का कायमचा बसेल ही भीतीही त्यात नसेल का?

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले, तेव्हा या भीतीचा विचार पहिल्यापासून केलेला होता. रुग्णाला माणूस म्हणून वागवायचे आणि बऱ्या झालेल्यांनाच पुढे समुपदेशक म्हणून उभे करायचे, ही तिथली रीत. तिला कोणी कथनोपचार म्हटले नाही. पण 'रुग्ण' या ओळखीकडून 'मदत करणारा' या ओळखीकडे नेणारा रस्ता तोच आहे. कथनोपचाराचे रीतसर प्रशिक्षणही मुंबईच्या 'उम्मीद' या बालविकासातील संस्थेने दिले आहे.

शाळेत काय करता येईल?

शिक्षकाने उपचारक होऊ नये. तसे करणे धोक्याचे आहे. पण पुढील गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिली गोष्ट, शिक्का टाळणे. 'दारुड्याचा मुलगा' ही ओळख मुलाने कमावलेली नसते. 'त्याच्या वडिलांना दारूचं व्यसन लागलंय' असे म्हणायला चार शब्द जास्त लागतात, एवढेच. तंबाखूची पुडी सापडलेल्या मुलालाही 'तू असला' न म्हणता 'ही पुडी तुझ्यापर्यंत कशी पोचली, कधी हवीशी वाटते?' असे एकांतात विचारता येते.

दुसरी, गळालेले प्रसंग टिपणे. वडील पिऊन आलेल्या रात्रीही ज्याने धाकट्या बहिणीला जेवू घातले, त्या मुलाला 'हे कुठून शिकलास?' असे विचारणारे शाळेत कोणीतरी हवे. मात्र घरची कहाणी वर्गासमोर सांगायला कधीही लावू नये.

तिसरी, 'जीवनवृक्ष' हा उपक्रम. झिम्बाब्वेच्या एन्काझेलो एन्क्यूबे आणि ऑस्ट्रेलियाचे डेव्हिड डेनबरो यांनी आफ्रिकेतील अनाथ मुलांसाठी तो तयार केला. प्रत्येकाने एक झाड काढायचे. मुळांत आपण कुठून आलो, जमिनीवर रोजचे जगणे, खोडात येणारी कामे आणि कसब, फांद्यांवर आशा, पानांवर जवळची माणसे, फळांवर इतरांनी आपल्याला दिलेल्या गोष्टी. मग सगळी झाडे भिंतीवर लावून त्यांचे रान करायचे आणि रानावर येणाऱ्या वादळांबद्दल सगळ्यांनी मिळून बोलायचे. कोणाच्याही घराचे नाव न घेता वादळाबद्दल बोलता येते, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य.

आणि चौथी, योग्य ठिकाणी पोचवणे. जवळच्या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग कोणत्या दिवशी असतो ते माहीत करून घ्यावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तो क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा. कोणासाठी लिहिला, हे सांगण्याची गरज नाही. ज्याला हवा असेल तो मुलगा येता-जाता वाचून ठेवील.